तुकड्या-तुकड्यांतून जुळणारी बार्शी लाइट

कुर्डुवाडी : प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या मुंबई-सोलापूर मार्गावर प्रवास करणाऱ्यांना कुर्डुवाडी जंक्शन ठाऊक असते ते पंढरपूर, लातूरकडे जाण्यासाठी गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. आज चारही दिशांना ब्रॉडगेजचेच रूळ दिसतात. मात्र २००८ पर्यंत याच स्थानकात शेजारी-शेजारी दोन वेगवेगळ्या जगांतील गाड्या उभ्या राहत. एका बाजूला दिमाखात धडधडत जाणाऱ्या मेल आणि एक्स्प्रेस, तर दुसऱ्या बाजूला अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची, सावकाश निघणारी 'बार्शी लाइट'. परिसरातील कित्येक पिढ्यांनी याच छोट्या गाडीतून बाजार, शाळा, कचेरी आणि पंढरीची वारी केली. ती गाडी आता नाही. तिचे रूळ उखडले गेले, कित्येक ठिकाणी भराव सपाट झाले आणि आठवणी तेवढ्या उरल्या.

या आठवणींना पुन्हा आकार देण्याचा एक मार्ग जगभरातील रेल्वेवेड्यांना परिचित आहे. तो म्हणजे मॉडेल रेल्वे. त्यातही 'मॉड्यूलर' पद्धतीची मॉडेल रेल्वे हा प्रकार शहरातील लहान घरे, मर्यादित वेळ आणि तितकाच मर्यादित खिसा यांचा विचार करता आपल्याकडे विशेष सोयीचा ठरावा. हा छंद नेमका काय आहे, त्याची बांधणी कशी करतात आणि बार्शी लाइटसारखा मार्ग त्यात कसा उतरवता येईल, याचा हा मागोवा.

मॉड्यूल म्हणजे काय?

मॉडेल रेल्वे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती खोली व्यापून टाकणारी भलीमोठी मांडणी. अशी मांडणी एकदा उभी राहिली की हलवता येत नाही. घर बदलले की ती मोडावी लागते. शिवाय ती पूर्ण होण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि अनेकांचा उत्साह मध्येच मावळतो.

मॉड्यूलर पद्धतीत या अडचणीवर सोपा तोडगा काढलेला आहे. संपूर्ण मार्ग एकसंध न बांधता त्याचे सुटे, स्वयंपूर्ण तुकडे बांधायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक लाकडी चौकट, तीवर रूळ, खाली वीजजोडणी आणि भोवती देखावा. तुकड्याच्या आत काय दाखवायचे याचे पूर्ण स्वातंत्र्य ज्याचे त्याला. मात्र तुकड्याच्या दोन टोकांना रूळ कोठे यावेत, किती उंचीवर यावेत आणि तारा कशा जोडाव्यात याचे नियम सर्वांनी सारखेच पाळायचे. नियम पाळले की अनोळखी माणसाने दुसऱ्या गावात बांधलेला तुकडाही आपल्या तुकड्याला बिनचूक जुळतो. वर्षभर प्रत्येकाचा तुकडा घरी कपाटामागे किंवा पलंगाखाली असतो. एखाद्या रविवारी सगळे सभागृहात जमले की तासाभरात मोठा रेल्वेमार्ग उभा राहतो आणि संध्याकाळी पुन्हा ज्याचा त्याच्या घरी जातो.

कल्पनेचा प्रवास

या पद्धतीला संघटित रूप आले ते १९७० च्या दशकात, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. 'एनट्रॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत चार फूट लांब आणि दोन फूट रुंद तुकडा प्रमाण मानण्यात आला. त्यावरून जाणाऱ्या तीन समांतर मार्गांना लाल, पिवळा आणि निळा अशी नावे देण्यात आली आणि रुळांची उंची जमिनीपासून चाळीस इंच ठरली. १९८१ मध्ये जर्मनीत 'फ्रेमो' ही संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी नुसत्या गाड्या गोल फिरवण्याऐवजी खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रक, स्थानकप्रमुख आणि मालवाहतुकीच्या चिठ्ठ्या यांसह गाड्या चालवण्यावर भर दिला. पुढे २००० च्या सुमारास जपानी छंदिष्टांच्या मांडणीवरून प्रेरणा घेऊन 'टी-ट्रॅक' हा प्रकार अमेरिकेत रुजला. त्यातील एक तुकडा जेमतेम ३०८ मिलिमीटर लांब असतो आणि पाय न लावता थेट टेबलावर ठेवता येतो. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या नवशिक्यासाठी याहून सोपी सुरुवात नाही.

कॅलथ्रॉपचा धडा

गंमत अशी, की ठरलेल्या प्रमाणात सगळे बसवण्याचा हा विचार कुर्डुवाडीला नवा नाही. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने बार्शी लाइट रेल्वे उभारली ती याच सूत्रावर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग कुर्डुवाडीवरून गेला, पण बार्शीची मोठी बाजारपेठ दूर राहिली. म्हणूनच कुर्डुवाडी स्थानकाचे तेव्हाचे नाव होते 'बार्शी रोड'. ही उणीव भरून काढण्यासाठी १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंतचा मार्ग खुला झाला.

रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपने इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडणार नाही असा दंडक घातला. भार सर्वत्र सारखा राहिल्याने यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरेसे ठरले आणि लहान गेज असूनही भरपूर माल वाहता आला. भारतात पाठवण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीमार्ग उभारून ही सामग्री जाणकारांना दाखवण्यात आली होती. हाच कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचा अभियंता झाला.

कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग १९०६ मध्ये सुरू झाला, लातूरला गाडी १९११ मध्ये पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ गेले. एकूण मार्ग ३२५ किलोमीटरच्या घरात गेला. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग बनली. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले आणि २००८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग पूर्णपणे ब्रॉडगेज झाला. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र टिकून राहिला.

प्रमाणाचे गणित

मॉडेल बांधण्यापूर्वी पहिला निर्णय प्रमाणाचा. सर्वाधिक प्रचलित प्रमाण 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्यात रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. जागा कमी असेल तर १:१६० चे 'एन' प्रमाण निवडतात. त्याच्या रुळांतील अंतर ९ मिलिमीटर असते.

भारतीय छंदिष्टापुढे येथे एक पेच उभा राहतो. १६.५ मिलिमीटरचे रूळ युरोप-अमेरिकेतील ४ फूट साडेआठ इंच गेजसाठी ठरलेले आहेत. आपले ब्रॉडगेज साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले तर उत्तर येते सव्वाएकोणीस मिलिमीटर. त्यामुळे एचओच्या तयार रुळांवर उभे केलेले भारतीय इंजिन जाणत्या नजरेला किंचित अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. बहुतेक जण ही तडजोड स्वीकारतात, कारण वेगळ्या मापाचे रूळ हाताने बनवणे वेळखाऊ असते.

बार्शी लाइटच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल आहे. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ मिलिमीटर येतात, म्हणजेच एन प्रमाणाच्या ९ मिलिमीटरच्या अगदी जवळ. त्यामुळे रुळांची चाके आणि यंत्रणा एन प्रमाणाची, तर डबे, माणसे आणि इमारती एचओ प्रमाणाच्या, अशी सांगड घालता येते. एन प्रमाणाच्या साध्या रुळांचे स्लीपर फार दाट आणि बारीक असतात. ते डोळ्यांना खटकतात. यासाठी नॅरोगेजकरिता खास बनवलेले, विरळ स्लीपरांचे ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. ब्रिटनच्या 'पीको' कंपनीचे रूळ यासाठी प्रसिद्ध आहेत.

अंतराचा हिशेबही करून पाहावा. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर १:८७ प्रमाणात जसेच्या तसे उतरवायचे तर जवळजवळ ३९० मीटर लांबीचा मार्ग लागेल. चार फुटी तुकड्यांत मोजले तर असे ३२० तुकडे! हे कोणालाच शक्य नाही. म्हणून मॉडेल रेल्वेत निवड करावी लागते. स्थानक, पूल, बाजार अशी ओळखीची ठिकाणे घ्यायची आणि मधले अंतर एक-दोन तुकड्यांत सुचवायचे.

चौकटीची बांधणी

नवशिक्यांच्या गटाने प्रथम कागदावर स्वतःचे नियम लिहून काढावेत. उदाहरणार्थ, तुकड्याची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५ सेंटिमीटर, रुळांची उंची जमिनीपासून एक मीटर, टोकाच्या पट्टीवर रूळ बरोबर मध्यभागी आणि शेवटचे पाच सेंटिमीटर रूळ सरळ व पट्टीशी काटकोनात. लांबी ठरवताना आपल्या इमारतीची लिफ्ट, जिन्याचे वळण आणि मोटारीची डिकी मोजून घ्यावी. दारातून बाहेर न निघणारे मॉड्यूल ही या छंदातील जुनी शोकांतिका आहे.

टोकाच्या पट्ट्या १२ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडच्या असाव्यात. सर्वांच्या पट्ट्या एकाच सुताराकडून, एकाच साच्यावरून कापून घेणे उत्तम. बोल्टची भोकेही साच्यावरूनच पाडावीत. बाजूच्या पट्ट्या हलक्या चालतात. आत एक-दोन आडव्या पट्ट्या दिल्या की चौकट पिळत नाही. पायांच्या तळाशी फिरवून उंची कमी-जास्त करता येईल असे बोल्ट बसवावेत, कारण सभागृहाची फरशी कधीच समतल नसते.

सोलापूर जिल्ह्यातील हवामानाचा विचार येथे अगत्याने करावा. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तर पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगते. चौकटीला सर्व बाजूंनी, तळाकडूनही, रंग किंवा वॉर्निश द्यावे. रूळ जोडताना दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट सोडावी. हिवाळ्यात घट्ट जुळवलेले रूळ मे महिन्यात वाकडे झाले, की गाडी घसरण्याचे कारण शोधण्यातच प्रदर्शनाचा दिवस निघून जातो.

दोन तुकड्यांचा सांधा ही सर्वांत नाजूक जागा. काही नियमावल्यांत रूळ टोकापासून थोडे अलीकडे थांबवून मधल्या जागेत एक छोटा जोडरूळ बसवतात. काहींत रूळ थेट टोकापर्यंत आणून समोरासमोर भिडवतात. दुसऱ्या पद्धतीत टोकाचे रूळ पितळी स्क्रूंना डाग देऊन पक्के करावेत, अन्यथा ने-आण करताना ते उखडतात. नॅरोगेजच्या छोट्या इंजिनांना बारा इंच त्रिज्येचे वळण पुरते. तरीही शक्य तेथे वळण त्याहून मोठे ठेवावे. डबे घसरत नाहीत आणि गाडी दिसतेही डौलदार.

विजेची जोडणी

साध्या पद्धतीत रुळांना १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह दिला जातो. दाब वाढवला की गाडी वेग घेते, दिशा उलटवली की मागे जाते. मात्र एका मार्गावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. त्यासाठी मार्गाचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या 'डीसीसी' या अंकीय पद्धतीत रुळांवर कायम वीज असते आणि तिच्याबरोबरच आज्ञाही जातात. प्रत्येक इंजिनातील छोटा डीकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा ओळखतो. ही पद्धत महाग आहे, पण अनेक जणांनी एकत्र चालवायच्या मॉड्यूलर मार्गासाठी अधिक सोयीची.

पद्धत कोणतीही असो, प्रत्येक तुकड्याखालून दोन जाड तारा सलग न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून बारीक तार जोडावी. केवळ रुळांच्या सांध्यांवर विसंबू नये. तारांचे रंग आणि प्लग सर्वांचे सारखेच हवेत. घरगुती विजेचा दाब कमी करणारे ॲडॉप्टर तयार आणि खात्रीचे विकत घ्यावे. स्वतः ट्रान्सफॉर्मर जोडण्याचा मोह टाळावा. २३० व्होल्ट टेबलापर्यंत येताच कामा नयेत, विशेषतः मुले भोवती असताना.

कुर्डुवाडी किती तुकड्यांत?

समजा, सहा मित्रांनी मिळून बार्शी लाइट साकारायची ठरवली. पहिला तुकडा अर्थातच कुर्डुवाडीचा. दोन गेज जेथे भेटतात तेथे मालाची चढ-उतार अपरिहार्य असते. लहान वाघिणीतून मोठ्या वाघिणीत पोती हलवणारे हमाल हे या स्थानकाचे खरे चित्र. दुसऱ्या तुकड्यावर कारखाना आणि यार्ड. तिसऱ्यावर काळ्या मातीचे सपाट माळरान, ज्वारीची शेते, बाभळी आणि कडुनिंब. चौथ्यावर मोडनिंबसारखे एखादे वाटेवरचे छोटे स्थानक. पाचव्यावर भीमेवरील पूल आणि सहाव्यावर पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला प्रवासी इतके लोटत, की मालाच्या वाघिणीही वारकऱ्यांसाठी वापरल्या जात. भगव्या पताकांनी भरलेला तो फलाट एका तुकड्यावर सहज मावेल. पुढे कोणी सातवा मित्र मिळालाच तर बार्शीचा बाजार किंवा येडशी-रामलिंगची झाडी जोडता येईल. जुन्या तुकड्याला हातही लावावा लागणार नाही.

देखाव्यासाठी महागड्या सामग्रीची गरज नाही. थर्माकोल कापून चढ-उतार करावेत, त्यावर कागदाचे तुकडे फेव्हिकोलने चिकटवून कवच तयार करावे. माती खरी, चाळून वाळवलेली आणि भाजून कीड मारलेली वापरावी. या भागातील काळ्या मातीचा रंग कोणत्याही परदेशी पुडीत मिळत नाही. लाकडाच्या भुशाला रंग देऊन गवत, तर वाळलेल्या बारीक फांद्यांतून बाभळी होतात. इंजिने हा मात्र कठीण भाग. बार्शी लाइटची इंजिने तयार मिळतील या भरवशावर राहू नये. एन प्रमाणाच्या इंजिनाची चालती यंत्रणा घेऊन तिच्यावर प्लास्टिकच्या पत्र्याचे किंवा त्रिमितीय छपाईचे कवच चढवणे हा रूढ मार्ग आहे.

पुण्याचा दाखला

महाराष्ट्रात या छंदाची ओळख सर्वसामान्यांना करून दिली ती पुण्यातील भाऊसाहेब जोशी यांनी. कोथरूडमधील त्यांचे 'जोशीज् म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज' १९९८ मध्ये सुरू झाले. सिग्नल, पूल, रस्ते आणि वस्तीसह साकारलेले तेथील चिमुकले शहर पाहण्यासाठी शाळांच्या सहली येतात. ती मांडणी एका ध्यासातून उभी राहिलेली, एकाच छताखालची आहे. मॉड्यूलर पद्धत याच छंदाचे सामुदायिक रूप म्हणावे लागेल. एकाकडे मोठी जागा आणि दीर्घ चिकाटी नसली तरी दहा जणांकडे थोडी-थोडी असतेच.

आत्ताच का?

मॉडेल बांधायला बसले की प्रश्न पडू लागतात. स्थानकाच्या पाटीवरील अक्षरे कोणत्या रंगात होती? पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकाला होती? डब्याच्या खिडक्यांना गज आडवे होते की उभे? रुंदीकरणानंतर यांपैकी बहुतेक गोष्टी जागेवर पाहायला मिळत नाहीत. त्यांची उत्तरे आहेत ती जुन्या छायाचित्रांत आणि त्या गाडीवर नोकरी केलेल्या माणसांकडे. २००८ मध्ये निवृत्तीला आलेला कर्मचारी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर येथील कितीतरी घरांत अल्बममधील लग्नाच्या वऱ्हाडामागे छोट्या गाडीचा एखादा डबा उभा असेल. तो कोणी निरखून पाहिलेला नसेल.

म्हणूनच या छंदाची पहिली पायरी करवत आणि प्लायवूड नव्हे, तर वही आणि पेन्सिल आहे. घरातील किंवा शेजारच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला भेटावे, स्थानकाचा नकाशा आठवेल तसा काढून घ्यावा, छायाचित्रांच्या प्रती करून त्यामागे स्थळ आणि वर्ष लिहावे. अजून शिल्लक असलेल्या जुन्या पुलांची, भिंतींची मापे घ्यावीत. रेल्वेच्या हद्दीत जाण्यापूर्वी अर्थातच परवानगी घ्यावी. चौकट पुढच्या वर्षीही बांधता येईल, पण सांगणारा माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही.

एवढी तयारी झाली, की एक तुकडा हाती घ्यावा. एकच. तो चार फूट लांब असला तरी खऱ्या मापात शंभर मीटरहून थोडा अधिक भरतो. एका छोट्या स्थानकाला, त्यावरच्या कडुनिंबाला आणि वाट पाहणाऱ्या दहा-बारा माणसांना तेवढी जागा पुरते.